सिनेटर फुलब्राइट यांचे दप्तर

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ओझार्क डोंगरांच्या कुशीत फेएटव्हिल नावाचे गाव आहे. राज्याचे मुख्य विद्यापीठ याच गावात आहे. या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांसाठी एक स्वतंत्र विभाग असून तेथे एका माणसाच्या तीस वर्षांच्या राजकीय आयुष्याचे दप्तर खोक्यांमागून खोकी रचून जपून ठेवले आहे. पत्रव्यवहार, भाषणांचे खर्डे, सहकाऱ्यांची टिपणे, निवडणुकीचे कागद, मतदारांनी पाठवलेली शाबासकीची आणि शिव्याशापांची पत्रे असे सारे त्यात आहे. आपल्याकडे पेशवे दप्तराचा रुमाल सोडणाऱ्याला मोहिमेचा हिशेब आणि घरगुती खर्चाची याद शेजारी शेजारी सापडते, तसाच काहीसा अनुभव हे दप्तर उघडणाऱ्याला येतो. एका खोक्यात जगाला जवळ आणू पाहणारा उदार विचारवंत भेटतो, तर दुसऱ्या खोक्यात आपल्याच गावातील कृष्णवर्णीय शेजाऱ्याला समान हक्क देण्याच्या कायद्याला विरोध करणारा सिनेटर. दोघांची सही मात्र एकच आहे : जे. विल्यम फुलब्राइट.

फुलब्राइट हे नाव भारतातील सुशिक्षितांना अपरिचित नाही. दरवर्षी शेकडो विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक या नावाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतात. नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. शिष्यवृत्तीला एखाद्या दानशूर उद्योगपतीचे नाव दिले असावे, असाच अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात फुलब्राइट हे तीस वर्षे सिनेटमध्ये बसलेले, त्यांतील सुमारे सोळा वर्षे परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद भूषवलेले आणि आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाशी युद्धाच्या प्रश्नावर उघड भांडण केलेले राजकारणी होते. त्या समितीच्या इतिहासात इतका दीर्घकाळ अध्यक्षपद अन्य कोणाला लाभले नाही.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १९०५ रोजी मिसुरी राज्यातील सम्नर या लहानशा गावी झाला. पुढच्याच वर्षी हे कुटुंब फेएटव्हिलला आले. वडील जे फुलब्राइट हे कष्टाळू आणि व्यवहारी गृहस्थ. बँक, लाकडाचा धंदा, वर्तमानपत्र असे नाना उद्योग त्यांनी हाताशी धरले आणि गावातील प्रमुख धनिकांमध्ये स्थान मिळवले. बिल, म्हणजे आपले चरित्रनायक, स्थानिक विद्यापीठात शिकत होते. अभ्यासात बरे, पण त्यांची कीर्ती होती ती फुटबॉलच्या मैदानावर. १९२३ साली वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि घराची घडी विसकटली. या प्रसंगी आई रोबर्टा यांनी पदर खोचला. धंद्यांचा कारभार तर त्यांनी सांभाळलाच, शिवाय कुटुंबाच्या मालकीच्या वर्तमानपत्राची सूत्रे हाती घेऊन त्यात स्वतःच्या नावाने सदर लिहिण्यास प्रारंभ केला. एक विधवा स्त्री गावातील भ्रष्ट पुढाऱ्यांवर लेखणीने कोरडे ओढू लागली. मुलाच्या राजकीय आयुष्याला पहिला धक्का बसला तो या लेखणीमुळेच, आणि त्याला राजकारणात ढकलले तेही तिनेच.

१९२५ साली पदवी घेतल्यावर फुलब्राइट यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात दाखल झाले. ओझार्कच्या डोंगरात वाढलेल्या या तरुणाने तोवर जग म्हणून काही पाहिलेच नव्हते. तीन वर्षे तो इतिहास वाचत राहिला, रग्बी खेळत राहिला आणि सुट्टीत युरोपभर हिंडत राहिला. नंतर व्हिएन्नामध्ये फोडोर नावाचा एक जाणता पत्रकार त्याला भेटला. त्याच्यासमवेत बाल्कन देशांतून फिरताना राष्ट्रांची भांडणे पुस्तकातून दिसतात तशी प्रत्यक्षात नसतात, हे त्याला उमगले. परक्या देशात काही काळ राहिल्याने माणसाची दृष्टी कशी पालटते, याचा हा स्वानुभव त्यांनी जन्मभर जपला. पुढे ज्या योजनेने त्यांचे नाव अजरामर केले, तिचे बीज या प्रवासात होते.

मायदेशी परतल्यावर १९३२ मध्ये त्यांचा एलिझाबेथ विल्यम्स यांच्याशी विवाह झाला. वॉशिंग्टनमध्ये कायद्याची पदवी, काही काळ न्याय खात्यात नोकरी, मग अध्यापन असा प्रवास करून ते १९३६ मध्ये फेएटव्हिलला कायदा शिकवण्यासाठी परतले. १९३९ साली विद्यापीठाच्या अध्यक्षांचे मोटार अपघातात निधन झाले आणि त्या जागी अवघ्या चौतीस वर्षांच्या फुलब्राइट यांची नेमणूक झाली. देशातील सर्वांत तरुण विद्यापीठप्रमुखांमध्ये त्यांची गणना होऊ लागली. परंतु हा मान दोनच वर्षे टिकला. १९४० च्या निवडणुकीत होमर ॲडकिन्स हे राज्याचे गव्हर्नर झाले. रोबर्टाबाईंच्या वर्तमानपत्राने त्यांच्यावर सडकून टीका केली होती. आईच्या लेखणीचा राग मुलावर निघाला. नव्या गव्हर्नरांच्या मर्जीतील विश्वस्तांनी १९४१ च्या जूनमध्ये फुलब्राइट यांना अध्यक्षपदावरून दूर केले.

ज्या विद्यापीठाने त्यांना असे घालवले, त्याच विद्यापीठाच्या स्वाधीन त्यांनी पुढे आयुष्यभराचे कागद केले. हा योगायोग मोठा बोलका आहे. अमेरिकेत सिनेटरच्या कार्यालयातील कागदपत्रे ही कायद्याने त्याची खासगी मालमत्ता असते. राष्ट्राध्यक्षांचे कागद १९७८ च्या कायद्याने राष्ट्राच्या मालकीचे झाले, पण हा नियम काँग्रेसच्या सदस्यांना लागू नाही. समितीचे अधिकृत दप्तर सिनेटच्या मालकीचे असते आणि ते राष्ट्रीय अभिलेखागारात जाते. परंतु सिनेटरचा स्वतःचा पत्रव्यवहार, त्याची टिपणे, त्याच्या मदतनिसांचे सल्ले यांचे काय करायचे, हे त्याने ठरवायचे. तो ते जाळू शकतो, माळ्यावर टाकू शकतो किंवा निवडक सोयीचे कागद ठेवून उरलेले नष्ट करू शकतो. सदस्यांनी आपले कागद जतन करावेत, असा ठराव काँग्रेसने २००८ मध्ये संमत केला, पण ती विनंती आहे, सक्ती नव्हे. अशा स्थितीत जो माणूस आपले सारे दप्तर संशोधकांपुढे मांडतो, तो आपल्याविरुद्धचा पुरावाही त्यांच्या हाती देत असतो.

अध्यक्षपद गेल्यावर फुलब्राइट राजकारणात उतरले. १९४२ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. महायुद्ध ऐन भरात होते. युद्धानंतर शांतता राखण्यासाठी एखादी आंतरराष्ट्रीय संघटना उभारली जावी आणि अमेरिकेने तिच्यात सामील व्हावे, असा एक छोटासा ठराव या नवख्या सदस्याने मांडला. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाकडे पाठ फिरवणाऱ्या अमेरिकेच्या दृष्टीने ही मोठीच कलाटणी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये प्रतिनिधिगृहाने तो ३६० विरुद्ध २९ मतांनी संमत केला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाटेवरील एक धोंड दूर झाली. पुढच्याच वर्षी सिनेटची निवडणूक आली. पक्षांतर्गत लढतीत त्यांच्यासमोर उभे होते तेच होमर ॲडकिन्स. फुलब्राइट यांनी त्यांचा पराभव केला आणि जानेवारी १९४५ मध्ये ते सिनेटमध्ये दाखल झाले.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी एक विधेयक मांडले. वरवर पाहता ते अगदी रुक्ष होते. युद्ध संपले होते आणि अमेरिकी सैन्याचे मालमोटारींपासून अन्नधान्यापर्यंत अफाट साहित्य परदेशांत पडून होते. ते मायदेशी आणणे परवडणारे नव्हते आणि ज्या देशांत ते पडले होते त्या देशांपाशी विकत घेण्यास डॉलर नव्हते. फुलब्राइट यांनी सुचवले, की या देशांनी आपापल्या चलनात किंमत भरावी आणि त्या पैशातून दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांची व विद्वानांची देवाणघेवाण करावी. करदात्यांवर नव्याने बोजा पडणार नव्हता. विधेयकाचा गाजावाजा झाला तर कोणीतरी मोडता घालील, हे ओळखून त्यांनी ते शक्य तितक्या शांतपणे पुढे सरकवले. फारशी चर्चा न होता ते संमत झाले आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. भंगारात जाणाऱ्या रणसामग्रीतून विद्येची गंगाजळी उभी राहिली. १९४७ साली पहिला करार चीनशी झाला. चीनमधील सत्तापालटानंतर तो बंद पडला, पण अन्यत्र योजना फोफावत गेली. आजवर १६० हून अधिक देशांतील चार लाखांवर व्यक्तींना तिचा लाभ झाला आहे.

भारताशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक जाहीर होऊन आठवडाच उलटला असताना. पंतप्रधान नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी त्यावर सह्या केल्या. २००८ साली भारत सरकारने खर्चाचा समान वाटा उचलण्याचे मान्य केल्यावर या शिष्यवृत्तीला फुलब्राइट यांच्या जोडीने नेहरूंचे नाव मिळाले. माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड हे फुलब्राइट यांच्याप्रमाणेच ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते आणि १९८७-८८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर शिकागो विद्यापीठात राहिले. एका शिष्यवृत्तीने घडवलेल्या माणसाने दुसरी सुरू करावी आणि त्या दोन्हींचा लाभ आपल्याकडच्या एका कलावंताला व्हावा, हे वर्तुळ सुरेखच म्हणावे लागेल.

पन्नाशीचे दशक अमेरिकेत संशयाचे होते. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली सरकारी नोकर, लेखक, प्राध्यापक यांना पिंजऱ्यात उभे करण्याचा सपाटा लावला होता. देवाणघेवाणीची योजनाही त्यांच्या तडाख्यातून सुटली नाही. फुलब्राइट यांनी त्यांच्यासमोर तिची बाजू ठामपणे मांडली. मॅकार्थी त्यांच्या आडनावातील फुल काढून तेथे हाफ बसवीत आणि टिंगल करीत. २ फेब्रुवारी १९५४ रोजी मॅकार्थींच्या चौकशी उपसमितीसाठी पैसे मंजूर करण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. त्या वेळी भल्याभल्यांनी माना खाली घातल्या. प्रस्तावाच्या बाजूने ८५ मते पडली, विरोधात फक्त एक. ते एक मत फुलब्राइट यांचे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला, तेव्हा हे एकटे मत किती दूरचे पाहत होते, ते साऱ्यांना कळून चुकले.

येथवर चरित्र कसे सरळ आणि उजळ वाटते. पण दप्तराचे पुढचे खोके उघडले की वाचणारा थबकतो. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवला. दक्षिणेकडील गोऱ्या समाजात संतापाची लाट उसळली. मार्च १९५६ मध्ये दक्षिणेतील १९ सिनेटर आणि ८२ प्रतिनिधींनी या निकालाचा धिक्कार करणारे निवेदन काँग्रेसमध्ये सादर केले. त्यावर फुलब्राइट यांची सही होती. मूळ मसुद्यातील जहाल भाषा सौम्य करण्यासाठी त्यांनी खटपट केली हे खरे. पण सौम्य झालेल्या मसुद्यावरही सही ती सहीच. शेजारच्या टेनेसी राज्यातील दोन्ही सिनेटर, एस्टेस केफॉव्हर आणि अल्बर्ट गोर, यांनी सही करण्यास नकार दिला होता. त्यांनाही गोऱ्या मतदारांनाच तोंड द्यायचे होते. गोर १९५८ मध्ये आणि केफॉव्हर १९६० मध्ये पुन्हा निवडून आले. तेव्हा सही न केल्यास राजकीय मृत्यू अटळ होता, हा फुलब्राइट यांच्या चाहत्यांचा युक्तिवाद तपासून पाहावा लागतो.

१९५७ च्या सप्टेंबरात आर्कान्साच्या राजधानीत, लिटल रॉक येथे, त्याची कसोटी लागली. न्यायालयाच्या आदेशानुसार नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घेण्यास निघाले आणि गव्हर्नर ऑर्व्हल फोबस यांनी त्यांना अडवण्यासाठी राज्याचे सैनिक उभे केले. अखेर अध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर धाडावे लागले. साऱ्या जगाचे डोळे आर्कान्साकडे लागले असताना राज्याचे सर्वांत विद्वान, सर्वांत जगप्रसिद्ध सिनेटर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी दीर्घकाळ मौन पाळले. पुढच्या वर्षी लिटल रॉकच्या शाळामंडळाने एकत्र शिक्षण काही काळ पुढे ढकलण्याची परवानगी मागितली, तेव्हा मंडळाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदन देण्यासाठी मात्र ते पुढे आले. न्यायालयाने ती मागणी फेटाळली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा, या दोहोंच्या विरोधात फुलब्राइट यांनी मत दिले. मॅकार्थींसमोर एकटा उभा राहणारा माणूस आपल्या मतदारांसमोर उभा राहू शकला नाही.

याची किंमत त्यांनी मोजलीच नाही असे मात्र नाही. १९६० मध्ये निवडून आलेल्या जॉन केनेडी यांच्या मनात परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांचे नाव होते. योग्यतेविषयी शंका नव्हती. पण वंशभेदाच्या समर्थनार्थ सही केलेला मंत्री नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांपुढे कोणत्या तोंडाने जाणार, असा प्रश्न होता. ते पद डीन रस्क यांच्याकडे गेले. फुलब्राइट १९५९ पासून ज्या समितीचे अध्यक्ष होते, तेथेच राहिले. नियतीचा खेळ असा, की पुढे व्हिएतनाम युद्धाचे समर्थन करण्यासाठी हेच रस्क याच समितीपुढे साक्षीला आले आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत फुलब्राइट बसले होते.

केनेडींना त्यांचा सल्ला मात्र मिळत राहिला. क्युबावर निर्वासितांकरवी हल्ला चढवण्याचा बेत शिजत असल्याचे कानी येताच फुलब्राइट यांनी मार्च १९६१ मध्ये एक टिपण तयार करून ते अध्यक्षांच्या हाती दिले. हा बेत अनैतिक आहेच, शिवाय तो फसेल आणि यशस्वी झाला तरी अमेरिकेची जगात नाचक्की होईल, असा त्याचा आशय होता. एप्रिलच्या प्रारंभी झालेल्या बैठकीतही त्यांनी तेच बजावले. त्यांचे कोणी ऐकले नाही. १७ एप्रिल रोजी डुकरांच्या उपसागरात हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत त्याचा बोजवारा उडाला.

एवढा सावध माणूस तीनच वर्षांनी स्वतः फसला. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी दोनदा हल्ला केल्याचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने जाहीर केले. प्रत्युत्तरासाठी अध्यक्षांना व्यापक अधिकार देणारा ठराव सिनेटमध्ये मांडण्याची जबाबदारी फुलब्राइट यांच्यावर आली. जॉन्सन त्यांचे जुने मित्र होते. निवडणूक तोंडावर होती आणि प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर हे अधिक युद्धखोर मानले जात. मित्रावर विश्वास ठेवून फुलब्राइट यांनी ठरावाचे काम हाती घेतले. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांना या अधिकारांना मर्यादा घालणारी दुरुस्ती सुचवायची होती. तिची गरज नाही, असे सांगून फुलब्राइट यांनी त्यांची समजूत काढली. ७ ऑगस्ट रोजी सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य मतांनी ठराव संमत केला. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग हे ते दोन विरोधक. दहा वर्षांपूर्वी अशा एकाकी मताचा धनी फुलब्राइट होते. या वेळी ते बहुमताचे वकील होते.

या ठरावाच्या बळावर जॉन्सन यांनी लाखो सैनिक व्हिएतनामला पाठवले. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला घडलाच नव्हता, हे कालांतराने स्पष्ट झाले. त्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक आणि कितीतरी पटींनी अधिक व्हिएतनामी माणसे मेली. आपल्या हातून झालेली ही सर्वांत मोठी चूक, असे फुलब्राइट यांनी पुढे अनेकवार जाहीरपणे मान्य केले. राजकारणात चुकीची कबुली दुर्मीळ असते. त्याहून दुर्मीळ असते ती चूक निस्तरण्यासाठी उरलेली कारकीर्द पणाला लावणे. फुलब्राइट यांनी ते केले.

१९६५ च्या सप्टेंबरात डॉमिनिकन प्रजासत्ताकातील अमेरिकी हस्तक्षेपावर त्यांनी सिनेटमध्ये कठोर टीका केली आणि जॉन्सन यांच्याशी असलेली मैत्री संपली. १९६६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या समितीने व्हिएतनामविषयी जाहीर सुनावणी घेतली आणि ती दूरचित्रवाणीवरून घराघरात पोहोचली. सेनानी जेम्स गॅव्हिन, मुत्सद्दी जॉर्ज केनन यांच्यासारखी प्रस्थापित माणसे युद्धाविषयी शंका व्यक्त करताना लोकांनी प्रथमच पाहिली. १० फेब्रुवारी रोजी केनन यांची साक्ष चालू असताना सीबीएस वाहिनीने ती न दाखवता एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग पुन्हा दाखवला. वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी या कारणावरून राजीनामा दिला. युद्धाला विरोध करणे म्हणजे देशद्रोह, ही समजूत या सुनावणीने ढिली केली. त्याच वर्षी दिलेल्या व्याख्यानांतून फुलब्राइट यांचे सत्तेच्या उद्दामपणावरील पुस्तक तयार झाले. बलाढ्य राष्ट्राला आपली ताकद हाच आपला सद्गुण वाटू लागतो, या त्यातील विचाराचे स्मरण आजही करून दिले जाते.

कागदांशी असलेले त्यांचे नाते येथे आणखी एका वळणावर येते. १९६९ च्या अखेरीस डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम धोरणाचा गोपनीय सरकारी इतिहास त्यांच्या हाती दिला. फुलब्राइट यांनी तो स्वतः प्रसिद्ध केला नाही. संरक्षणमंत्र्यांकडे त्याची अधिकृत मागणी करीत ते सनदशीर वाटेनेच जात राहिले आणि नकार घेत राहिले. अखेर जून १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो छापला. बंडखोर म्हणून गाजलेला हा सिनेटर प्रकृतीने किती नेमस्त होता, हे यातून दिसते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हिएतनामहून परतलेला जॉन केरी नावाचा तरुण नौदल अधिकारी त्यांच्या समितीपुढे युद्धाविरुद्ध साक्ष देऊन गेला होता. पुढे हेच केरी सिनेटर आणि या समितीचे अध्यक्ष झाले. जुलै २०१० मध्ये त्यांच्या कारकिर्दीत समितीच्या साठच्या दशकातील गुप्त बैठकांचे हजाराहून अधिक पानांचे वृत्तांत खुले झाले. टोंकिनच्या प्रकरणात आपली फसवणूक झाल्याची शंका फुलब्राइट आणि त्यांचे सहकारी १९६८ मध्ये बंद दाराआड बोलून दाखवत होते, हे त्यातून जगाला वाचता आले.

१९७४ मध्ये आर्कान्साचे लोकप्रिय गव्हर्नर डेल बंपर्स यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचा दणदणीत पराभव केला. जगभर हिंडणाऱ्या सिनेटरला घरच्या मतदारांचा विसर पडला, अशी तक्रार होतीच. सिनेट सोडल्यावर त्यांनी वॉशिंग्टनमधील एका विधिसंस्थेत काम केले आणि सौदी अरेबियासारख्या परदेशी पक्षकारांचे प्रतिनिधित्वही केले. त्यावरही टीका झाली. १९८५ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि १९९० मध्ये त्यांनी हॅरिएट मेयर यांच्याशी दुसरा विवाह केला. १९९३ मध्ये त्यांच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसानिमित्त झालेल्या समारंभात राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. विद्यार्थिदशेत क्लिंटन यांनी फुलब्राइट यांच्या समितीच्या कचेरीत कारकुनी केली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, फुलब्राइट यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांचा अखेरचा विसावा फेएटव्हिललाच आहे.

त्यांच्या नावाभोवतीचा वाद मात्र विसावलेला नाही. विद्यापीठाचे कला व विज्ञान महाविद्यालय १९८१ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि २००२ पासून आवारात त्यांचा पुतळा उभा आहे. २०२० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपले अनुभव सांगण्यास प्रारंभ केला, तेव्हा १९५६ ची ती सही पुन्हा चर्चेत आली. आमच्या आजी-आजोबांना शाळेच्या दारातच अडवणाऱ्यांची पाठराखण केलेल्या माणसाच्या पुतळ्यासमोरून आम्ही रोज का जावे, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यापीठाने नेमलेल्या समितीने पुतळा हलवावा आणि महाविद्यालयाचे नाव बदलावे, अशी शिफारस केली. जुलै २०२१ मध्ये विश्वस्तांनी दोन्ही कायम ठेवण्याचे ठरवले, मात्र पुतळ्यापाशी त्यांच्या वंशभेदविषयक भूमिकेची माहिती देण्याचेही मान्य केले. इकडे शिष्यवृत्तीपुढेही संकटे आली. चीन आणि हाँगकाँगसाठीचा कार्यक्रम अमेरिकी सरकारने २०२० मध्ये बंद केला. जून २०२५ मध्ये निवडीत सरकारी हस्तक्षेप होत असल्याचा आरोप करीत योजनेच्या नियामक मंडळातील एक वगळता सर्व सदस्यांनी राजीनामे दिले.

फुलब्राइट यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि महात्मा ठरवणेही. पुतळ्याला ही निवड करावीच लागते, कारण तो एकाच मुद्रेत उभा असतो. दप्तरावर अशी सक्ती नसते. त्यात मॅकार्थींविरुद्धचे एकटे मत, लिटल रॉकच्या वेळचे मौन, टोंकिनची चूक आणि तिचे प्रायश्चित्त असे सगळे शेजारी शेजारी नांदते. परदेशी राहून आल्याने माणूस शहाणा होतो, यावर फुलब्राइट यांची श्रद्धा होती आणि ती बव्हंशी खरीही ठरली. पण ऑक्सफर्ड आणि व्हिएन्नाने ज्याची दृष्टी रुंदावली, त्याला घरच्या अंगणातील अन्यायावर बोलण्याचे धैर्य मात्र त्या प्रवासाने दिले नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी हे नाव लिहिताना हा भागही ठाऊक करून घेतलेला बरा. परतीच्या प्रवासात त्यांनाही आपापल्या अंगणातच उतरायचे असते.